ओझ्याचा अ‍ॅक्सल, वेगाची गाडी

१९६१ सालची फोर्ड इकोनोलाइन व्हॅन शर्यतीसाठी जन्माला आलेली नव्हती. नाक नसलेली, चौकोनी, सपाट तोंडाची ही गाडी पाने-पाइप घेऊन फिरणाऱ्या प्लंबरसाठी होती, लाँड्रीच्या गाठोड्यांसाठी होती, किराणा घरपोच करणाऱ्या दुकानदारासाठी होती. इंजिन दोन सीटांच्या मधोमध झाकणाखाली, ताकद ८५ हॉर्सपॉवर. रिकाम्या गाडीचा सगळा भार पुढे यायचा. मागची चाके जमिनीला नीट धरून राहावीत म्हणून फोर्डने सुरुवातीच्या गाड्यांत मागे १६५ पौंडांचे, म्हणजे सुमारे ७५ किलोंचे, नुसते वजन बसवून दिले होते. अशा या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल भंगारातून निघाला आणि अमेरिकेतल्या रगेल ड्रॅग गाड्यांखाली जाऊन बसला.

त्याचे कारण अगदी साधे होते. इकोनोलाइनच्या पुढच्या दोन चाकांना जोडणारा एकच सलग पोलादी दांडा होता आणि त्याच्या दोन्ही टोकांजवळ गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले पाटे होते. आपल्याकडच्या जुन्या ट्रकखाली वाकून पाहिले की दिसते, तीच ही रचना. मोटारींनी ती केव्हाच टाकून दिली होती. १९५५ च्या शेव्हरोलेत पुढची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वर-खाली होत, त्यासाठी वरचे-खालचे आर्म होते, कॉइल स्प्रिंग होत्या, बॉल जॉइंट होते. रस्त्यावर ते सुखाचे, पण चारशे मीटरच्या सरळ शर्यतीत त्याचा काहीच उपयोग नव्हता. उलट ते जड होते, गुंतागुंतीचे होते आणि गाडीचे नाक उंच करायचे तर आडवे येत होते.

नाक उंच का करायचे, हेही समजून घ्यायला हवे. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या पेट्रोलवर धावणाऱ्या कूपे आणि सेडान गटांत या गाड्या उतरत. लोक त्यांना ‘गॅसर’ म्हणत. त्या काळचे शर्यतीचे टायर अरुंद आणि कडक होते. सुटताना गाडीचा भार जितका मागे सरकेल तितकी मागच्या टायरांची पकड वाढणार, म्हणून बिल्डर पुढची बाजू उचलून घेत. ही चढाओढ इतकी वाढली की नियम करावा लागला: क्रँकशाफ्टचा मध्य जमिनीपासून २४ इंचांच्या वर जाता कामा नये. इंजिन मागे सरकवायलाही मर्यादा होती, चाकांमधल्या लांबीच्या दहा टक्के. या गटात १९३३ ते १९४२ दरम्यानच्या विलीज कूपे फार गाजल्या. स्टोन, वुड्स आणि कुक यांची विलीज, ‘बिग जॉन’ मझमानियन यांची विलीज, ‘ओहायो जॉर्ज’ माँटगोमेरी यांची विलीज. विलीजला मुळातच सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे होते. ज्यांच्याकडे शेव्हरोले किंवा दुसरी एखादी गाडी होती, त्यांना तो बाहेरून आणावा लागे. बाहेर म्हणजे भंगारात, जिथे गंजत पडलेल्या डिलिव्हरी व्हॅन होत्या.

बसवण्याची पद्धत गॅरेजमधल्या कोणालाही जमण्यासारखी होती, पण तिच्यात हलगर्जीपणाला जागा नव्हती. व्हॅनखालून अ‍ॅक्सल, पाटे, शॅकल आणि यू-बोल्ट एकत्रच काढायचे. मग अ‍ॅक्सल दोन स्टँडवर ठेवून किंगपिनमधला खेळ पाहायचा. चाक धरून हलवले आणि खटखट जाणवली की पिना आणि बुश नवे. दांडा कुठे वाकलाय का, हे दोरी ताणून पाहायचे. नव्या गाडीच्या चासीची पुढची दोन्ही बाजूंची बीमं आधी मजबूत करायची, कारण तिथे पूर्वी पाट्यांचे हँगर नव्हते. मग हँगर वेल्ड करायचे आणि अ‍ॅक्सल थोडा मागे कलेल असा पाचर घालून बसवायचा, म्हणजे किंगपिनचे वरचे टोक मागच्या बाजूला झुकते आणि चाके वेगात सरळ राहतात. हा कल कमी पडला तर ताशी शंभर मैलांच्या वर स्टीअरिंग हातात थरथरते. शेवटचा प्रश्न स्टीअरिंगच्या दांड्यांचा. पाटे वर-खाली होताना दांडाही त्यांच्याबरोबर त्याच कमानीत फिरला पाहिजे, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप वळते. उंच नाकाच्या गाडीत ही कमान जुळवणे हेच खरे कसबाचे काम होते.

फोर्डची इकोनोलाइन, शेव्हरोलेची १९६४ पासूनची व्हॅन आणि डॉजची ए-१०० या तिन्हींना हाच सरळ अ‍ॅक्सल होता. पुढे व्हॅनमध्येही आराम हवासा झाला. १९६९ च्या मॉडेलच्या इकोनोलाइनला फोर्डने दोन वेगळ्या बीमचा पुढचा भाग दिला, १९७१ मध्ये शेव्हरोले आणि डॉजनेही सरळ अ‍ॅक्सल सोडला. म्हणजे उण्यापुऱ्या दहा वर्षांच्या गाड्या, तेवढाच काय तो साठा.

ही एकट्या इकोनोलाइनची गोष्ट नाही. हॉट रॉडचा इतिहास बहुतेक वेळा इंजिनांचा, ज्वाळांच्या रंगकामाचा, क्रोमचा म्हणून सांगितला जातो. फोटोत तेच दिसते, म्हणून ते साहजिकही आहे. पण गाडी पिटवर घेऊन खालून पाहिली तर वेगळाच इतिहास वाचता येतो. वेगासाठी बांधलेल्या या गाड्यांचे अवयव मोठ्या प्रमाणावर ओझे वाहणाऱ्या गाड्यांकडून आलेले आहेत: पिकअपचे स्टीअरिंग, बसचा ब्लोअर, ट्रकचे शाफ्ट, व्हॅनचा अ‍ॅक्सल. जे वाहन रोज मार खाऊन टिकते, त्याच्या भागांत ताकद राखीव असते, आणि ते निवृत्त झाले की कवडीमोलाने मिळते. तरुण, हुशार आणि खिसा रिकामा असलेल्या माणसाला याहून काय हवे?

सुरुवात अर्थातच फोर्डपासून. मॉडेल टी १९०८ ते १९२७ दरम्यान दीड कोटीहून जास्त बनली आणि १९२५ च्या सुमारास तिची दोन सीटांची उघडी गाडी नवी कोरी २६० डॉलरना मिळत होती. नव्याची ही किंमत, तर जुनी किती स्वस्त असेल याची कल्पना करावी. हेन्री फोर्ड यांनी अ‍ॅक्सलसाठी व्हॅनेडियम मिसळलेले पोलाद वापरले. ते हलके, चिवट आणि वाकवले तरी न तुटणारे होते. पुढे-मागे एकेक आडवी पाट्यांची स्प्रिंग ही त्यांची आवडती रचना. त्यांच्या या हट्टाचा हॉट रॉडवाल्यांना जितका फायदा झाला, तितका दुसऱ्या कशाचाच झाला नसेल. १९४८ पर्यंत फोर्डच्या मोटारींनी आडवी स्प्रिंग आणि सलग अ‍ॅक्सल सोडला नाही. त्यामुळे एका सालचा भाग दुसऱ्या सालच्या गाडीला थोड्या फेरफाराने बसायचा. १९३२ च्या गाडीला १९३९ चा गिअरबॉक्स, १९४० चे ब्रेक, त्याच सालचे स्टीअरिंग व्हील. वेगवेगळ्या वर्षांच्या भागांची अशी गाडी हा अपवाद नव्हता, तीच रीत होती.

जागा होती दक्षिण कॅलिफोर्निया. हवा कोरडी, त्यामुळे पत्रा गंजत नाही, आणि यार्डात वर्षानुवर्षे उन्हात पडलेली गाडीही कामाची राहते. शहर इतके पसरलेले की मोटारीशिवाय चालायचे नाही, म्हणून मोटारी उदंड आणि त्यांचे भंगारही उदंड. वर १९२९ नंतरची मंदी. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावे वाळवंटात म्युरॉकचे कोरडे तळे होते. त्याचा तळ मैलोन् मैल सपाट आणि कडक. तिथे पोरे आपापल्या गाड्या पळवत. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली आणि पुढच्या वर्षी म्युरॉकला तिची पहिली वेळ नोंदवणारी शर्यत झाली. महायुद्धाच्या काळात लष्कराचा विमानतळ तिथे विस्तारत गेला, तोच आजचा एडवर्ड्स हवाई तळ. नंतर शर्यती एल मिराज या दुसऱ्या कोरड्या तळ्यावर गेल्या.

याच काळात भंगाराच्या धंद्यालाही शिस्त आली. १९३४ पासून हॉलंडरची पुस्तके निघू लागली. कोणत्या गाडीचा कोणता भाग आणखी कोणकोणत्या गाड्यांना चालतो, याची ती जंत्री होती. ती निघाली यार्डवाल्यांच्या सोयीसाठी. ज्याला दुसऱ्याच गाडीचे भाग आपल्या गाडीत घालायचे आहेत, त्याला अशा जंत्रीचा किती आधार वाटत असेल हे सांगायला नको.

ब्रेकचे उदाहरण घेऊ, कारण तिथे प्रश्न जिवाचा होता. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये दिले. त्याआधीच्या गाड्यांत पायाचा दाब दांड्यांनी चाकापर्यंत जायचा. इंजिनाची ताकद दुप्पट करून तेच ब्रेक ठेवणे म्हणजे मरणाशी गाठ होती. त्यामुळे १९३९ नंतरच्या फोर्डचे ड्रम, बॅकप्लेट आणि मास्टर सिलिंडर भंगारातून सगळ्यात आधी उचलले जात. युद्धानंतर पिकअप ट्रकांची पाळी आली. १९४८ ते १९५२ च्या फोर्ड एफ-१ पिकअपचे शॉक अ‍ॅब्जॉर्बर आणि त्यानंतरच्या एफ-१०० चा स्टीअरिंग बॉक्स हे दोन भाग इतक्या हॉट रॉडमध्ये गेले, की जुन्या पद्धतीची गाडी बांधणारे आजही ते नावानिशी मागतात. एफ-१०० चा बॉक्स ट्रकच्या पुढच्या टोकाचा भार वळवण्यासाठी होता. मॉडेल ए च्या हलक्या गाडीत तो कधी थकत नाही.

पुढचा अ‍ॅक्सल मात्र नुसता उचलून लावला जात नव्हता, त्यावर काम व्हायचे. गाडी पुढून खाली बसवायची तर अ‍ॅक्सलचा मधला भाग तसाच ठेवून दोन्ही टोके वर न्यावी लागतात. सॅन डिएगोचे एड स्टुअर्ट या कामासाठी प्रसिद्ध होते. ते जुन्या फोर्डच्या अ‍ॅक्सलची टोके लाल होईपर्यंत तापवून ताणत आणि वळवत, त्यातून गाडी सुमारे अडीच-तीन इंच खाली येई. हे लोहारकाम करताना पोलाद पातळ होते, म्हणून ते किती आणि कुठे ताणायचे याची जाण हातात असावी लागे. फोर्डचा हा आय आकाराचा दांडा अशा वागणुकीला पुरून उरला, याचे श्रेय त्या व्हॅनेडियम पोलादाला आणि हातोडी चालवणाऱ्यालाही.

इथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे, कारण भंगारातले भाग जुळवताना कुठे चुकते ते त्यातून स्वच्छ दिसते. मूळ फोर्डमध्ये अ‍ॅक्सलच्या दोन टोकांपासून दोन दांडे निघून मागे गिअरबॉक्सखाली एका गोळ्यात एकत्र येतात. त्याला विशबोन म्हणतात. एक चाक दगडावर चढले की सगळा अ‍ॅक्सल त्या एका गोळ्याभोवती कलतो आणि कुठेही पीळ पडत नाही. पण नवे मोठे इंजिन आणि गिअरबॉक्स बसवायचे म्हटले की हे जोडलेले दांडे मध्ये येतात. मग बिल्डर विशबोन मधोमध कापत आणि त्याचे दोन पाय चासीच्या दोन बाजूंना वेगवेगळे बांधत. आता एक चाक वर चढले की त्या बाजूचे टोक एका अंशात फिरते आणि दुसरे वेगळ्या अंशात, म्हणजे अ‍ॅक्सलला पीळ बसतो. आय आकाराचा दांडा हा पीळ सोसतो, तो स्वतःच थोडा पिळवटतो आणि पुन्हा सरळ होतो. पण १९३७ नंतर फोर्डच्या ६० हॉर्सपॉवरच्या लहान व्ही-८ गाडीला पोकळ नळीचा अ‍ॅक्सल आला. तो हलका आणि देखणा, म्हणून हॉट रॉडवाल्यांना आवडता. नळी मात्र पिळाला दाद देत नाही. अशा अ‍ॅक्सलला कापलेले विशबोन लावले तर सगळा ताण वेल्ड आणि ब्रॅकेटवर जातो आणि एक दिवस तिथेच चीर पडते. म्हणून नळीच्या अ‍ॅक्सलला प्रत्येक बाजूला दोन असे चार समांतर दांडे लावण्याची पद्धत रूढ झाली. हे शहाणपण मोडलेल्या ब्रॅकेटांतून आलेले आहे.

महायुद्धाने भंगाराचे स्वरूपच बदलले. १९४२ च्या धातू गोळा करण्याच्या मोहिमांत जुन्या गाड्यांचे ढीग वितळवले गेले. पण युद्ध संपल्यावर सैन्याचे शिल्लक सामान विक्रीला आले आणि विमानांच्या कारखान्यांनी गजबजलेल्या दक्षिण कॅलिफोर्नियात ते मुबलक होते. विमानांच्या हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या सीट, मापकांच्या तबकड्या, झटकन उघडणारे फास्टनर. तटरक्षक दलात पॅसिफिकमध्ये काम करून परतलेल्या बिल बर्क यांनी १९४६ मध्ये पी-५१ मस्टँग विमानाची फेकून देता येणारी १६५ गॅलनची इंधनाची टाकी घेतली आणि तिची शर्यतीची गाडी केली. हवा कापण्यासाठी घडवलेला थेंबाचा आकार आयताच हाती आला होता. पुढे त्यांनी पी-३८ लायटनिंगची जास्त मोठी टाकी वापरली आणि इंजिन ड्रायव्हरच्या मागे नेले. अ‍ॅलेक्स झायडियस यांच्या सो-कॅल स्पीड शॉपची टाकीगाडी १९५२ मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी १९८ मैलांपर्यंत पोहोचली. विमानाची टाकी आणि खाली फोर्डच्या जुन्या गाडीचे भाग, इतक्या साध्या हिशेबात हे झाले.

बसचा ब्लोअर तर आणखी नवलाचा. जनरल मोटर्सने १९३८ मध्ये टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांची एक मालिका काढली. सहा सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडर ७१ घनइंचांचा, म्हणून नाव ६-७१. टू-स्ट्रोक डिझेलला स्वतःहून श्वास घेता येत नाही, हवा आत ढकलावी लागते, म्हणून प्रत्येक इंजिनाच्या कुशीत दोन रोटरांचा ब्लोअर बसवलेला असे. ही इंजिने बसमध्ये होती, ट्रकमध्ये होती, किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या होड्यांत होती. त्यामुळे त्यांचे ब्लोअर भंगारात सहज सापडत. बार्नी नवारो यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यातला तीन सिलिंडरच्या इंजिनाचा लहान ब्लोअर फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८ वर बसवला. डिझेलला दम देणारी ती हवा पेट्रोल इंजिनात शिरली आणि ताकद उसळली. पुढे ६-७१ हा आकारच ड्रॅग शर्यतीची ओळख झाला. बॉनेटमधून वर आलेले ते चौकोनी, बरगड्यांचे खोके ज्यांनी पाहिले असेल, त्यांनी बसचा एक अवयव पाहिलेला आहे.

नॉर्म ग्रॅबोव्स्की यांच्या गाडीतही ओझ्याची गाडी आहे, फक्त ती लगेच ओळखू येत नाही. १९५० च्या दशकात त्यांनी मॉडेल टी टूरिंगच्या बॉडीचा पुढचा अर्धा भाग घेतला आणि मागे मॉडेल ए पिकअपचा हौदा आखूड करून जोडला, इंजिन कॅडिलॅकचे. टीव्हीवरच्या एका गाजलेल्या मालिकेत ती झळकली आणि ‘टी-बकेट’ नावाचा प्रकारच त्यातून सुरू झाला. आज त्या घाटाच्या गाड्या फायबरग्लासमध्ये तयार मिळतात. त्यांच्या मागच्या आखूड हौद्यात एका शेतकऱ्याच्या किंवा गवंड्याच्या पिकअपची खूण उरली आहे.

आता मागचा अ‍ॅक्सल. पुढच्याने गाडीचे रूप ठरते, मागच्याने ती टिकते की नाही ते. १९५५ नंतर शेव्हरोलेची व्ही-८ इंजिने स्वस्तात मिळू लागली आणि जुन्या फोर्डचे मागचे अ‍ॅक्सल तुटू लागले. त्यावर उतारा फोर्डनेच दिला. १९५७ मध्ये आलेला, नऊ इंचांच्या क्राऊनचा त्यांचा मागचा अ‍ॅक्सल मोटारींत, पिकअपमध्ये, व्हॅनमध्ये सगळीकडे गेला आणि १९८६ पर्यंत चालला. त्याचे क्राऊन-पिनियन मागचे झाकण उघडून काढावे लागत नाही. पुढच्या बाजूने पूर्ण गठ्ठाच बाहेर येतो, त्यामुळे एका संध्याकाळात गिअरचे प्रमाण बदलता येते. पिनियनला पुढे-मागे मिळून तीन बेअरिंगांचा आधार, म्हणून झटक्याने ते वाकत नाही. हजारो किलोमीटर सामान ओढलेल्या व्हॅनखालूनही तो धडधाकट निघायचा.

अडचण एकच, रुंदी. मॉडेल टी आणि ए च्या दोन चाकांमधले अंतर ५६ इंच. मोठ्या व्हॅनचा किंवा पिकअपचा अ‍ॅक्सल तसाच लावला तर टायर बॉडीच्या बाहेर येतात. म्हणून तो अरुंद करावा लागतो. हाऊसिंगची टोके कापून काढतात, नळ्या ठरलेल्या मापाला कापतात. मग मध्यभागातून एक जाड, तंतोतंत सरळ पोलादी सळई आरपार घालतात आणि टोके तिच्यावर चढवून पुन्हा वेल्ड करतात. वेल्डिंगच्या आचेने नळी वाकडी होते, म्हणून थोडे इकडे, थोडे तिकडे, मध्ये थंड होऊ देत काम चालते. सळई सहज फिरत राहिली तरच हाऊसिंग सरळ आहे असे समजायचे. शाफ्ट आखूड करून त्यांच्यावर नव्याने दाते पाडायचे. इथेही ट्रकच कामाला येतो. मोटारीचे २८ दात्यांचे शाफ्ट बहुधा मध्ये बारीक होत गेलेले असतात, कापले की नवे दाते पाडायला पुरेसे पोलादच उरत नाही. ट्रकचे ३१ दात्यांचे शाफ्ट जाड असतात. दक्षिण कॅलिफोर्नियात फ्रँक करी यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे अरुंद करण्याचे काम सुरू केले, ते मुळात कारखान्यांत माल हलवणाऱ्या विजेच्या गाड्यांसाठी. हॉट रॉडवाले त्यांच्या दाराशी नंतर आले. त्यांच्या कुटुंबाचा आजचा मोठा व्यवसाय त्याच कामातून वाढला.

वापरलेल्या भागात लपलेली चीर डोळ्यांना दिसत नाही, ही भीती या सगळ्या उद्योगाला कायम चिकटून राहिली. विमान उद्योगात चुंबकाने भाग तपासण्याची पद्धत रुळलेली होती. भाग चुंबकित करून त्यावर लोखंडाची बारीक भुकटी टाकायची, जिथे चीर असेल तिथे भुकटी रेघ धरून बसते. जबाबदार बिल्डर अ‍ॅक्सल, स्पिंडल आणि स्टीअरिंगचे आर्म अशा तपासणीला पाठवत. ज्यांनी ते केले नाही, त्यांच्यातले काही जण शर्यतीत चाक निखळून मेले. हॉट रॉडच्या कौतुकात हे अनेकदा गाळले जाते, ते गाळू नये.

समुद्रापलीकडे ब्रिटनमध्ये हीच विद्या वेगळ्या मार्गाने वाढली. तिथे युद्धानंतर नवी गाडी मिळणेच दुरापास्त होते. भंगारात सापडायची ती १९२२ पासूनची ऑस्टिन सेव्हन. तिच्या चासीवर हलकी बॉडी बांधून ‘स्पेशल’ करायची, असा छंद गावोगावी पसरला. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची पहिली गाडी १९४८ ची, ती अशाच ऑस्टिनवर बांधलेली. जॉन हेन्स यांनी शाळेत असताना ऑस्टिन सेव्हनची स्पेशल बांधली आणि ती कशी बांधायची याची पुस्तिका काढली. गाडीदुरुस्तीची त्यांची जगप्रसिद्ध पुस्तके त्यातूनच पुढे आली.

अमेरिकी धर्तीचे हॉट रॉड ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात जोमात आले आणि त्यांची लाडकी गाडी ठरली फोर्ड पॉप्युलर १०३ई. १९५३ ते १९५९ दरम्यान बनलेली ही गाडी आपल्या काळातच जुनाट होती: ११७२ सीसीचे ३० हॉर्सपॉवरचे इंजिन, तीन गिअर, आडवे पाटे, दांड्यांचे ब्रेक. पण बॉडी उंच आणि ठसठशीत, किंमत नगण्य. तिच्यात रोव्हरचा साडेतीन लिटरचा व्ही-८ घालायचा तर पुढचा अ‍ॅक्सल आणि ब्रेक बदलणे भागच होते. अमेरिकेसारखी जुन्या फोर्डची रेलचेल इथे नव्हती, पण व्हॅन होत्या. बीएमसीची जे-४, १९७४ पासूनची लेलँड शेर्पा, १९६५ पासूनची फोर्ड ट्रान्झिट, या तिन्हींना पुढे सरळ अ‍ॅक्सल होता आणि हायड्रॉलिक ब्रेक. शेर्पा तर ब्रिटिश टपालखात्याची गाडी, रोज शेकडो वेळा थांबून सुटणारी. तिचा पुढचा दांडा हलक्या पॉप्युलरखाली आला की त्याला आयुष्यभराची विश्रांतीच मिळायची. मागे जॅग्वारचा स्वतंत्र सस्पेन्शनचा संच, जो १९६१ च्या ई-टाइपपासून आला. तो एका पोलादी पिंजऱ्यात बसवलेला असतो, डिस्क ब्रेकसकट. काही बोल्ट सोडले की सगळा गठ्ठा खाली उतरतो. गंजून बॉडी संपलेल्या एक्सजे-६ सेडान यार्डात पडलेल्या असत आणि त्यांचे हे पिंजरे पॉप्युलरच्या मागे चढत. टपाल वाहणाऱ्याचा दांडा पुढे आणि श्रीमंताच्या गाडीचा संच मागे, अशी ही गाडी खरोखर ब्रिटिश आहे.

अमेरिकेत मात्र भंगारातून सुरू झालेल्या कामाचा उद्योग झाला. १९६३ मध्ये वेगाची साधने बनवणाऱ्यांनी आपली संघटना, सेमा, स्थापन केली. १९७४ मध्ये पीट शापुरीस आणि जिम ‘जेक’ जेकब्स यांनी कॅलिफोर्नियातल्या टेंपल सिटीत पीट अँड जेक्स हे दुकान काढले आणि चासीचे भाग तयार विकू लागले. हळूहळू खाली उतरवलेले अ‍ॅक्सल, चार दांड्यांचे संच, नऊ इंची हाऊसिंग, १९३२ च्या फोर्डची पोलादी बॉडीसुद्धा नवी मिळू लागली. याचा फायदा उघड आहे: भाग बिनचिरेचा, माप अचूक. तोटाही आहे, कारण सगळ्या गाड्या एकसारख्या दिसू लागल्या. १९९० च्या दशकात काही तरुण मुद्दाम पुन्हा भंगाराकडे वळले, ते गंजलेल्या पत्र्यावर रंगही न चढवता गाड्या बांधू लागले. त्यांचे काही काम ओबडधोबड आणि धोकादायक होते, यात शंका नाही. पण भंगारात हात घालण्याची विद्या त्यांनी जागी ठेवली, ही त्यांची कमाई मोलाची आहे.

सरकारला मात्र अशी गाडी नेमकी कोणती, हा प्रश्न पडतोच. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला फार कमी वाव ठेवला आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी आवळला. ब्रिटनच्या परवाना खात्याने गुणांची पद्धत आणली. गाडीचा जुना नंबर टिकवायचा तर मूळ भागांचे किमान आठ गुण लागत. न बदललेल्या चासीचे पाच, सस्पेन्शनचे दोन, दोन्ही अ‍ॅक्सलचे मिळून दोन, गिअरबॉक्ससकट ट्रान्समिशनचे दोन, स्टीअरिंगचे दोन आणि इंजिनाचा एक. फोर्ड पॉप्युलरला पुढे शेर्पाचा अ‍ॅक्सल आणि मागे जॅग्वारचा संच लावला की सस्पेन्शन आणि अ‍ॅक्सल दोन्हींचे चार गुण जात. रोव्हरचे इंजिन आणि गिअरबॉक्स घातले की आणखी तीन. मूळ चासी आणि स्टीअरिंग जपले तरी बेरीज सातच होई, एका गुणाने नंबर जाई, गाडीला कडक तपासणीतून जावे लागे आणि ‘क्यू’ अक्षराची वेगळी पाटी घ्यावी लागे. चासीला नवे हँगर जोडताना मूळ बीम कापले, तर ते पाच गुणही गेले. म्हणून तिथला बिल्डर व्हॅन शोधायला यार्डात जाण्याआधी ही बेरीज करू लागला: अ‍ॅक्सल बदलायचा की इंजिन, आणि कुठला मूळ भाग राखला तर आठाचा आकडा गाठता येतो.